जड नाव

लेबारानच्या, म्हणजे ईदच्या सकाळी माझ्या दिराने माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून कळत-नकळत झालेल्या सगळ्या अपराधांची माफी मागितली, तेव्हा त्याचा अर्ज कचेरीत जाऊन तीन आठवडे झाले होते. हे आम्हाला नंतर कळलं. त्या सकाळी माझा नवरा नवी टोपी घालून वेताच्या खुर्चीत बसला होता. धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "केलं, सगळं माफ केलं. माझंही काही चुकलं असेल तर तूही कर." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू? मग मी दिराला नारळाच्या रसातली कोंबडी वाढली. त्याने दोनदा मागून घेतली.

महिनाभराचे रोजे संपले की धाकट्याने थोरल्यापुढे वाकायचं आणि थोरल्याने माफ करायचं, ही आमची रीत. अपराध कोणता हे विचारायचं नसतं. माझ्या दिराने त्या रीतीचा असा उपयोग केला. माफी आगाऊ घेऊन ठेवली.

माझ्या नवऱ्याचं नाव सेगेर. सेगेर म्हणजे ठणठणीत. हे त्याचं दुसरं नाव. पहिलं होतं जयबुमी, जमीन जिंकणारा. ते त्याच्या आईच्या आईने ठेवलं होतं. तिची मुलगी बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी गेली आणि हे एवढंसं पोर मागे राहिलं. जावयाचं सगळं लक्ष कबुतरांच्या शर्यतींत. म्हातारी शहाणी होती. करांगसोको गावात झऱ्याचं पाणी ज्याला सगळ्यांत आधी मिळतं, ते आपलं भाताचं शेत तिने गावच्या वहीत थेट नातवाच्या नावावर लिहून टाकलं, जावयाला विकता येऊ नये म्हणून. चार वर्षांनी तीही गेली.

तोवर जावयाने दुसरं लग्न केलं होतं. दुसरीला मुलगा झाला तेव्हा माझा नवरा पाच वर्षांचा. नेमका त्याच सुमाराला तो आजारी पडला, आणि गावच्या वोंगसो सुईणीने सांगितलं की पोराला नाव जड झालंय. आमच्याकडे हे होतं. शेतकऱ्याच्या पोराला राजाला शोभेल असं नाव दिलं की ते त्याच्या मानेवर बसतं आणि पोर वाळत जातं. मग ते नाव उतरवायचं, साधं नाव ठेवायचं आणि लाल-पांढरी लापशी करून घरोघर वाटायची. लापशी खाल्ली की गावाला कळलं, अमक्याचा आता तमका झाला. आमच्या गावातली निम्मी माणसं अशी उतरवलेल्या नावांची आहेत. उतरवलेलं नाव परत घ्यायचं नसतं. स्वतःचं म्हणून तोंडातूनही काढायचं नसतं. काढलं तर ते परत येतं, आणि येताना कुणाला तरी घेऊन जायलाच येतं.

बाकीच्यांची नावं वाऱ्यावर सोडली जातात. माझ्या नवऱ्याचं मात्र वाया जाऊ दिलं नाही. सावत्र भाऊ पस्तीस दिवसांचा होता, त्याचं नाव ठेवायचं राहिलंच होतं. सुईण म्हणाली, हे पोर दणकट आहे, हे पेलेल. एकाच लापशीत दोन्ही नावं उरकली. माझा दीर जयबुमी झाला तो असा.

माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत नवऱ्याने भावाला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. "धाकट्या" म्हणतो. मला आपलं वाटायचं, लाडाने म्हणत असेल. शेतसाऱ्याची पावती दर वर्षी त्या नावाने यायची. तो कचेरीत जाऊन भरून यायचा आणि पावती न वाचता घडी करून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. धाकट्याचं शिक्षण याच शेताच्या भातावर झालं. तो शहरात शाळेत कारकून लागला, त्याने पांढरी गाडी घेतली, आणि तरी प्रत्येक कापणीनंतर नव्या तांदळाचं पहिलं पोतं त्या गाडीत चढत राहिलं. ते चढवायला मीच हात लावायचे.

दुसरं पीक निघालं आणि जमीन कचेरीची माणसं खुंट घेऊन गावात आली. सरकारने प्रत्येक शेताला पक्का कागद द्यायचं काढलं होतं. आम्ही खूश होतो. चष्मेवाला एक कारकून बांधाबांधाने घसरत, सावरत आमच्या शेतापर्यंत पोचला. सोबत आमचा लुराह, म्हणजे गावप्रमुख, यादी घेऊन होता.

"पुढचं कुणाचं?" चष्मेवाल्याने विचारलं.

लुराहने यादीवर बोट फिरवलं. "जयबुमी. अर्ज आलाय त्यांचा."

"अर्ज कुणी केला?" मी विचारलं. माझ्या हातात विळा होता, म्हणून तो बहुतेक नीट बोलला.

"जयबुमींनीच."

"अहो लुराह, जयबुमी म्हणजे आमचे हे! शेत यांच्या आजीचं. धाकट्याच्या आईचा या मातीशी संबंध काय? तुमच्या वडिलांनी आमच्याकडची लापशी खाल्लीय!"

"कातीअक्का, मला काय माहीत नाही का?" लुराह आवाज उतरवून म्हणाला. "पण वहीत नाव जयबुमी. आणि ओळखपत्रावर ज्याचं नाव जयबुमी आहे, त्याचा अर्ज आलाय. जुनी वही वाळवीने खाल्ली. नवीत उतरवताना सालं लिहायची राहिली. साल असतं तर दिसलं असतं की तेव्हा धाकटा जन्मलाच नव्हता."

"मग सांगा की तसं यांना!"

लुराहने चष्मेवाल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "एक करता येईल. सेगेर आणि जयबुमी ही एकाच माणसाची दोन नावं, असं पत्र करू. सभागृहात दोन साक्षीदारांसमोर सेगेरदादाने ते मोठ्याने म्हणायचं आणि सही करायची. झालं. अशी पत्रं मी रोज करतो. या गावात एका नावाचा आहेच कोण?"

माझा जीव भांड्यात पडला. मी हसून मागे वळले. नवरा पाटाच्या कडेला बसून पाय धूत होता. पाय स्वच्छ झाले होते तरी धूतच होता.

घरी आल्यावर त्याने सांगितलं. "तेवढं सोडून काहीही सांग. ते मी म्हणणार नाही."

"एक वाक्य आहे हो!"

"तुला माहीत नाही. मी मरत होतो. बाबांनी पाठीवर घालून नेलं मला वोंगसो सुईणीकडे. सबंध उतार. त्यांचा सदरा घामाने भिजला होता, माझा गाल त्याला चिकटला होता. ते नाव उतरवलं आणि चौथ्या दिवशी मी उठून भात खाल्ला."

हे मी शंभरदा ऐकलं होतं. बापाच्या पाठीची ही एकच गोष्ट त्याच्याकडे होती. कबुतरांना रोज हातावर घेऊन मका भरवणाऱ्या त्या बापाने पोराला उचलल्याची दुसरी गोष्ट काही मी कधी ऐकली नाही.

मी दिराला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी आला. बिस्किटांचा डबा घेऊन आला. नवऱ्याच्या पाया पडला. मी कॉफी दिली, आमच्याकडे दारात आलेल्या शत्रूलाही देतात म्हणून दिली.

"वहिनी, तू उगाच चिडतेस," तो म्हणाला. "कागद नुसता माझ्या नावावर. शेत दादाच्याच हातात राहणार. मी काय चिखलात उतरणार आहे का या वयात?"

"मग कागद कशाला हवाय?"

"नाव माझं आहे म्हणून. दुसऱ्याच्या नावावर कसा होणार?"

"नाव तुझं? दुसऱ्याच्या अंगावरून उतरवलेला सदरा आहे तो. आयत्या बिळावर नागोबा!"

नवरा म्हणाला, "काती, आवाज." मी गप्प बसले नाही. "यांनी तुला शिकवलं. तू अजून यांचाच भात खातोस. आणि खाल्ल्या घरचे वासे मोजायला आलास?"

दीर हसला. तो कधी चिडत नाही, हीच त्याची ताकद. त्याने बशीत कॉफी ओतली, फुंकर घातली आणि माझ्या नवऱ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "दादा, तुला पत्र करायचं असेल तर कर. मी अडवणार नाही. तू सभागृहात उभा राहून एकदा म्हण की मी जयबुमी, मी त्याच मिनिटाला अर्ज मागे घेतो. मला फक्त काळजी वाटते. आपलं वय झालं. ते नाव परत आलं तर तुझं-माझं काय नेणार? ते लहान मान शोधेल." मग त्याने आत पाहिलं. आत आमची सून भाजी निवडत बसली होती. "सुनेला सातवा लागला ना?"

माझा नवरा पांढराफटक पडला. मी बिस्किटांचा डबा उचलून अंगणात फेकला. कोंबड्यांनी धाव घेतली. दीर उठला, दादाच्या पाया पडला आणि गेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, माझ्याच ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावशेर साखर आणि चहाची पुडी घेऊन वोंगसो सुईणीकडे गेले. ती आता नव्वदीची असेल. दात नाहीत, पण पान खलबत्त्यात कुटून खाते. नाव उतरवणारी तीच, तर ते पुन्हा बिनधोक घेण्याचा काही उतारा तिलाच ठाऊक असणार, असं माझ्या मनात.

"उतारा?" तिने खलबत्ता थांबवला. "कशाला लागतो उतारा?"

"आजी, यांचं नाव जड होतं ना?"

तिने कुटलेलं पान तोंडात टाकलं. "पोराने कच्चे पेरू खाल्ले होते. टोपलीभर. तीन दिवस पोट बिघडलं, ताप आला. मी पेरूच्याच पाल्याचा काढा दिला. थांबले जुलाब."

"आणि नाव?"

"त्याचा बाप आला होता. एक तलंग कोंबडी आणि लुंगीचं कापड घेऊन. म्हणाला, वोंगसोबाई, बघ बरं, पोराला नाव जड झालंय का? मी म्हटलं, असेल." तिने माझ्याकडे पाहिलं. "झालंय असं मी म्हटलं नाही. असेल म्हटलं. मग तो म्हणाला, धाकटा दणकट आहे, तो पेलेल का? मी म्हटलं, पेलेल."

पंचावन्न वर्षं एक माणूस स्वतःच्या नावाला भीत जगला, आणि त्याची किंमत एक कोंबडी. "बाप पोराला घेऊन आला होता ना? पाठीवर?"

"आणलं होतं. लोकांनी बघायला नको?"

"धाकट्याला हे माहीत आहे?"

"त्याला बापानेच सांगितलं असणार. गेल्या वर्षी येऊन मला विचारून गेला, आजी, तुला ते सगळं आठवतं का गं. मी म्हटलं, मला काही आठवत नाही. खूश झाला. ही गादी त्यानेच दिली." ती खालची जाड गादी थोपटत म्हणाली.

"आजी, सभागृहात चला. एवढंच सांगा. मी पाठीवर नेते तुम्हाला."

तिने मान हलवली. मी हात जोडले, रडले, तिला शिव्याही दिल्या. ती म्हणाली, "बाई, मी या गावात साठ पोरांची नावं उतरवली. एक नाव खोटं उतरवलं असं मी कबूल केलं, तर बाकीचे एकोणसाठ माझ्या दारात येतील. माझं काय चुकलं होतं, माझं नाव का काढलंस, म्हणून विचारतील. त्यातली किती खरी होती हे मला तरी कुठे आठवतंय? मला या गावात मरायचंय गं."

मी साखर तिथेच ठेवून आले. परत उचलायला हवी होती.

नवऱ्याला सांगायचं की नाही, याचा विचार मी वाटभर केला. मला वाटलं, सांगितलं की तो मोकळा होईल. भीती गेली की वाक्य म्हणेल. माझी केवढी चूक झाली ती! तो कुदळीला दांडा बसवत होता. मी त्याला पेरूंपासून कोंबडीपर्यंत सगळं सांगितलं. तो दांडा ठोकत राहिला. मग थांबला.

"म्हातारीचं डोकं फिरलंय," तो म्हणाला.

"तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

"बाबांनी मला पाठीवर नेलं, काती. मला आठवतंय. सदरा भिजला होता."

"लोकांना दाखवायला नेलं हो!"

तो माझ्या अंगावर कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "शेत घे म्हणतेस आणि बाप सोड म्हणतेस! माझ्याकडे आहे काय दुसरं त्यांचं?" सून दारात येऊन उभी राहिली. तिने पोटावर हात धरला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, कुदळ भिंतीला टेकवली आणि झऱ्याकडे निघून गेला.

सभागृहात बुधवारी सकाळी बोलावलं होतं. पंखा होता, पण खुर्च्या चाळीस आणि माणसं सत्तर. गावातल्या निम्म्या लोकांची कामं होती. चष्मेवाला टेबलामागे, शेजारी लुराह. दीर इस्त्रीचा बाटिक सदरा घालून पहिल्या रांगेत. आम्हाला पाहून उठला, दादाला आपली खुर्ची दिली.

मला अजूनही आशा होती. आदल्या दिवशी नवरा म्हणाला होता, "चल, जाऊन तर बघू." मी त्याचा सदरा धुऊन वाळत घातला होता. वाटेत तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. मला वाटलं, वाक्याचा सराव करतोय.

लुराहने पत्र वाचलं. साक्षीदार म्हणून शेजारचे दोन म्हातारे उभे राहिले. दोघांनीही ती लापशी खाल्लेली, आणि दोघांचीही स्वतःची नावं उतरवलेली. मग लुराहने पेन पुढे केलं. "सेगेरदादा, आता मोठ्याने म्हणायचं. मी सेगेर, माझंच दुसरं नाव जयबुमी."

माझा नवरा उभा राहिला. पेन घेतलं. "मी सेगेर," तो म्हणाला.

लुराहने मान डोलावून पुढचं म्हणायला खुणावलं.

"मी सेगेर," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्याने तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली. त्या शब्दाची सुरुवात जिथून होते ना, तिथे. मला दिसत होतं. मीही इकडे तोंड उघडून बसले होते, घास भरवताना आई उघडते तशी. माझा दीर भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

"काका, मागे बरेच लोक आहेत," चष्मेवाला म्हणाला.

"म्हणा हो!" मी ओरडले. "म्हणा एकदाचं!"

"माझं नाव सेगेर," नवरा म्हणाला. पेन टेबलावर ठेवलं आणि खाली बसला.

मग मी उठले. कुणाची भीड ठेवली नाही. पेरू, काढा, कोंबडी, लुंगीचं कापड, दिराने दिलेली गादी, सगळं सभागृहाला ऐकवलं. "तुम्ही सगळ्यांनी ती लापशी खाल्लीय, नाहीतर तुमच्या आईबापांनी खाल्लीय. जयबुमी कोण हे सांगायला यांचं तोंड कशाला हवं? तुमची तोंडं कुठे गेली? सांगा की!"

सत्तर माणसं मूग गिळून बसली. काही जणांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मीच त्यांच्या घरात शिरून चोरी केली. मला तेव्हा उमगलं. वोंगसो सुईणीचे एकोणसाठ जण माझ्यासमोर बसले होते. माझं खरं मानायचं तर प्रत्येकाला घरी जाऊन आपल्या बापाचा विचार करावा लागला असता.

"काती, जाऊ दे गं," साक्षीदारांतला एक म्हातारा म्हणाला. "भावाभावांत वाद नको. शांततेत मिटवा."

"मिटलेलंच आहे, काका," माझा दीर उठून म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. आवाज भरून आणायला त्याला कष्ट पडत नाहीत. "लेबारानला दादाने मला सगळं माफ केलंय. सगळ्यांसमोर. दादा, केलंस ना?"

माझ्या नवऱ्याने मान हलवली. "केलं," तो म्हणाला. चष्मेवाल्याने शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं.

घरापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी ऐकलं तू सांगितलेलं. खरं असेलही. पण खोटं असलं तर? आणि पोराला काही झालं तर?" दिराने फास असा टाकला होता की ओढला तरी आवळायचा आणि सोडला तरी.

नातू झाला. साडेतीन किलोचा, काळे कुळकुळीत केस, रडला की झऱ्यापर्यंत ऐकू जाईल असा. माझ्या नवऱ्याने त्याच्या कानात अजान दिली आणि मग माझ्याकडे पाहून हसला. सभागृहानंतर पहिल्यांदा हसला. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं. त्याला वाटत होतं, बघ, मी नाव घेतलं नाही म्हणून हा सुखरूप आला. शेत देऊन त्याने नातू घेतला होता, आणि सौदा त्याला पटलेला होता. मी त्या क्षणी त्याचा जेवढा राग केला तेवढा दिराचाही केला नसेल. पोर मांडीवर होतं म्हणून गप्प बसले.

कागद आला तो दिराच्या पत्त्यावर. 'शेत दादाच्याच हातात' ही बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात होता. भात पोटरीला आला होता तेव्हा तो एका पांढऱ्या बुटांच्या माणसाला घेऊन आला. त्या माणसाला तिथे शहरातल्या लोकांसाठी कॉफीचं दुकान आणि चार खोल्या बांधायच्या होत्या. झऱ्याचं पाणी खोल्यांमधून खेळवायचं होतं. मी डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन पायवाटेने उतरत होते, तिथूनच मला ते दोघं बांधावर दिसले. दीर हात लांब करून हद्द दाखवत होता. दहा पावलांवर माझा नवरा वाकून तण काढत होता. त्याच शेतातलं तण, कापणीनंतर जे त्याचं राहणार नव्हतं ते. पाहुण्याच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून माझ्या नवऱ्यानेच बांधावर केळीचं पान टाकून ठेवलं होतं.

माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. छत्तीस वर्षांत मी नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती, कुठल्याच नावाने. मी टोपली खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून, सगळ्या खाचरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी त्याला त्याच्या आजीने ठेवलेल्या नावाने हाक मारली.

"जयबुमी!"

वरच्या खाचरातली दोन माणसं उभी राहून बघायला लागली. माझा नवरा वळला नाही. त्याचे हातही थांबले नाहीत. ते नाव आपल्याला लागू आहे हे त्याच्या कानांना माहीतच नव्हतं.

बांधावरून दिराने मान वळवली, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि ओ दिली.

"काय गं वहिनी?"